‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या लेकीच्या गावी

पत्र :

ताई, आम्ही कराडचे. आमची एकुलती एक मुलगी गेल्या ऑगस्टपासून जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दिवाळीला आली होती, त्यानंतर घरी आलेली नाही. फोन येतो, पण दोन मिनिटांत ठेवते. पुणं इतकं जवळ असताना एवढ्या लांब, लहान गावात कशाला जायचं, हे तिच्या बाबांच्या मनात अजून आहे. ते बोलून दाखवत नाहीत, पण तिला कळतंच. फेब्रुवारीच्या शेवटी दोघांनी जाऊन यावं असं चाललंय. मुलगी म्हणते, ‘इथे बघण्यासारखं काही नाही, ऊनही लागायला लागलंय, उगीच कशाला येता.’ हे माळकरी आहेत, गुडघे दुखतात. त्यांचं म्हणणं, जातोच आहोत तर विभागप्रमुखांना भेटून तिची चौकशीही करून येऊ. जावं का? गेलो तर राहावं कुठं, बघावं काय?
– एक आई, कराड

उत्तर :

ताई, जा. महाशिवरात्र आणि होळी यांच्या मधल्या दिवसांतच जा. खानदेशात वसंत फार थोडा काळ मुक्कामाला असतो. पहाटे अजून पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं आणि दुपारी सावली शोधावी लागते, असे हे तीन-चार आठवडे. आमचा मुलूख वर्षभरात सगळ्यात देखणा दिसतो तो याच काळात. मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात पंचेचाळिशीच्या घरात जातो, आणि मग पाहुण्यांना ‘या’ म्हणायलाही आमचा जीव धजत नाही. शिवाय एप्रिल जवळ आला की मुलांना परीक्षेचे वेध लागतात. तेव्हा तुम्ही निवडलेली वेळ अगदी योग्य आहे.

आता तुमच्या लेकीचं वाक्य. मी जळगावकर आहे, आणि बाहेरगावाहून इथे शिकायला आलेल्या मुलामुलींच्या तोंडून हे वाक्य सतत ऐकते. त्याला एक साधं कारण आहे. विद्यापीठ शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, धुळ्याच्या दिशेला, गिरणेच्या पलीकडे आहे. मुलांचा दिवस वसतिगृह, प्रयोगशाळा, मेस आणि झेरॉक्सचं दुकान एवढ्यात फिरतो. रविवारी शहरात आली तर कपडे, वह्या, एखादा सिनेमा, आणि शेवटच्या गाडीने परत. दोन वर्षं राहून जुनं जळगाव न पाहिलेली कितीतरी मुलं आहेत. ती खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरंच काही पाहिलेलं नसतं.

पण तुमच्या लेकीच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट वाटते, आणि ती तुम्ही पत्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. बाबांच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक आहे. हे गाव तिने निवडलंय. बाबा गाडीतून उतरतील, स्टेशनबाहेरची धूळ बघतील, आणि ‘मी म्हणत नव्हतो का’ असं तोंडाने नाही तरी चेहऱ्याने म्हणतील, या धास्तीने ती तुम्हाला लांब ठेवते आहे. ‘कशाला येता’ या शब्दांमागे मला ‘माझ्या निवडीला नावं ठेवायला येऊ नका’ ही विनवणी ऐकू येते. दोन मिनिटांच्या फोनमागेही तेच असेल.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक फोन होऊ द्या, आणि तो तिच्या बाबांनी करायचा. तुम्ही नाही. त्यांनी एवढंच म्हणावं : ‘पोरी, तुझं गाव बघायला येतोय. तू दाखवशील ते बघू. कधी आलो म्हणजे तुला बरं पडेल ते सांग, तुझा तास बुडवायचा नाही.’ हे तिच्या बाबांच्या आवाजात गेलं की तुमच्या चार दिवसांचा रंगच बदलेल. तारीख तिला ठरवू द्या. शुक्रवारी सकाळी पोहोचून सोमवारी निघता आलं तर उत्तम, कारण शनिवार-रविवार ती तुमच्याबरोबर मोकळेपणाने फिरेल. पण त्या आठवड्यात तिची अंतर्गत परीक्षा किंवा प्रॅक्टिकल असेल, तर आठवडाभर पुढे सरका आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नका.

विभागप्रमुखांना भेटायचा विचार मात्र सोडून द्या. हे मी कळकळीने सांगते. तुमची लेक एकवीस-बावीस वर्षांची आहे. पदव्युत्तर विभागात एका वर्गात मुलं मोजकीच असतात, सगळे सगळ्यांना ओळखतात. वडील येऊन ‘आमची कशी आहे अभ्यासात’ असं विचारून गेले, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मेसमध्ये पोहोचते, आणि पुढचे कितीतरी दिवस तिला त्या गोष्टीसह वावरावं लागतं. शिवाय ज्या बाईंकडे किंवा सरांकडे तिला उद्या प्रकल्पासाठी जायचंय, त्यांच्यासमोर ती एकदम शाळकरी होऊन जाते. ती स्वतःहून म्हणाली, ‘चला, आमच्या मॅडमना भेटवते,’ तर आनंदाने जा, नमस्कार करा, ‘मुलगी तुमच्याकडे आहे, आम्ही निश्चिंत आहोत’ एवढं बोला आणि निघा. याहून मोठा आधार तुम्ही तिला त्या खोलीत देऊ शकत नाही.

वसतिगृहाचंही तसंच. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना आत जाता येत नाही, भेटायची जागा ठरलेली असते. आई म्हणून तुम्हाला खोलीपर्यंत जाता येतंय का, ते तिलाच विचारा. गेलात तर कपाट उघडू नका, गादीवरची चादर झटकू नका, ‘किती रोडावलीस’ हे पहिलं वाक्य होऊ देऊ नका. तिने आधी काय बोलायचं ते तिला ठरवू द्या.

‘लहान गाव, लहान विद्यापीठ’ याबद्दल तिच्या बाबांसाठी चार ओळी. १९९० च्या १५ ऑगस्टला हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी खानदेशातली सगळी महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावातल्या मुलीला पुढं शिकायचं म्हणजे पुणं किंवा औरंगाबाद गाठावं लागे, आणि ते न परवडणाऱ्या किती जणींचं शिक्षण पदवीवर थांबलं याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली मुलं इथे येतात. घरातली पहिली पदवीधर, पाड्यावरची पहिली एम.एस्सी., अशा मुली तुमच्या लेकीच्या शेजारच्या बाकावर असतील. रसायनशास्त्र आणि रसायन तंत्रज्ञान हे इथले नावाजलेले विषय आहेत. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका शेतकरी बाईच्या नावाचं विद्यापीठ, आणि तिथं तुमची मुलगी शिकते आहे. मला तर या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. तिच्या बाबांनाही वाटावा.

प्रवासाचं सांगते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तुमच्या कराडवरूनच येते, ओगलेवाडीच्या स्टेशनावर बसायचं ते थेट जळगावला उतरायचं. रात्र गाडीत जाते आणि सकाळी तुम्ही इथे असता. गुडघ्यांसाठी खालचे बर्थ आधी बघा. उतरायचं सामान मनमाड गेलं की जवळ घेऊन ठेवा, आणि भुसावळपर्यंत झोपून जाऊ नका.

राहायला शहरातच, स्टेशन आणि बसस्थानकाच्या परिसरात हॉटेल घ्या. विद्यापीठाचं अतिथीगृह कामानिमित्त येणाऱ्यांसाठी असतं, त्यावर विसंबू नका. शहरात राहण्याचा फायदा असा, की लेक तुमच्याकडे येते, तुम्ही तिच्या डोक्यावर बसत नाही. लिफ्ट आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांती, आणि उन्हं उतरली की विद्यापीठात जा. मी सांगितलं तर हीच एक संध्याकाळ पुरे असं म्हणेन. साडेसहाशे एकरांचा परिसर आहे. मूळची माळरानाची, टेकड्यांची जमीन, वर्षानुवर्षं झाडं लावून हिरवी केलेली. या दिवसांत कडुनिंबाची पानं पिवळी होऊन रस्त्यावर पसरलेली असतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटायला लागलेली असते. पळस मात्र थांबून बघा. अंगावर एकही पान नाही, काळपट मखमली कळ्यांचे घोस, आणि त्यातून फुटलेलं ते भगवं फूल. खाली पडलेलं एखादं उचलून हातात घ्या, पाकळीवर बारीक लव असते. फुलांत साचलेल्या रसासाठी पाखरांची अशी झुंबड असते की झाड कलकलाटाने हलतंय असं वाटतं. लेकीला म्हणा, तुझी नेहमीची बसायची जागा दाखव. प्रत्येकीची एक असतेच. ग्रंथालयाची पायरी, एखादा कट्टा, चहाची टपरी. तिथे तिच्याबरोबर अर्धा तास बसा, चहा घ्या, आणि तिला काही विचारू नका. ती आपणहून बोलेल.

वाटेत गिरणेचा पूल लागेल. तुम्ही कृष्णा-कोयनेच्या काठावर वाढलेली माणसं, फेब्रुवारीत गिरणेचं पात्र बघून तुम्हाला धक्का बसेल. वाळू, दगड, कुठेतरी एखादी पाण्याची चिंचोळी धार. आमच्याकडे नदी पावसाळ्यात येते आणि उरलेलं वर्ष तिची वाट बघण्यात जातं. याच मुलखाने थेंब थेंब पाण्यावर केळी पिकवून दाखवली, हे पूल ओलांडताना तिच्या बाबांना सांगा. ते शेतीतले असतील तर त्यांना जास्त सांगावं लागणार नाही. पुलावर उतरू नका मात्र. महामार्ग आहे, अवजड गाड्यांची रांग असते, आणि संध्याकाळनंतर मुलीलाही तिथे दुचाकीवरून कोणाच्या मागे बसून येऊ देऊ नका. रिक्षा किंवा बस, एवढा एकच नियम तिला घालून दिलात तरी चालेल.

एक जेवण तिच्या मैत्रिणींबरोबर झालंच पाहिजे. खोलीतल्या दोघी-तिघींना बोलवा. तुमच्याकडून साताऱ्याचे कंदी पेढे आणा, सगळ्यांना पुरतील इतके. जेवायला भरीत. आमच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळ्यांनाही त्याच वर्षी. वांगं मोठं, फिकट हिरवं, आत बी जवळजवळ नाही. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्या जाळावर ती भाजतात, साल काळीठिक्कर पडून फुटायला लागली की काढतात. सोलून झाली की लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचतात, वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबिरीची फोडणी. तेल सढळ. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. चंपाषष्ठीपासून सुरू झालेला हंगाम फेब्रुवारीत सरत आलेला असतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच खाऊन घ्या. गॅसवर भाजलेलं भरीत मिळेल तिथे नको. काड्यांवर भाजतात का, असं विचारायला इथे कोणी संकोचत नाही. लसूण माळकऱ्यांना चालत नसेल तर आधी सांगा, वेगळं ठेचून देतात. त्यांना वरण-बट्टीही आवडेल : जाडसर दळलेल्या गव्हाच्या बट्ट्या, त्यावर तुरीचं वरण आणि तूप. शेवभाजी तिखट असते, साताऱ्याच्या तिखटाची सवय असली तरी जपून.

मेहरूणची बोरं अजून मिळत असतील तर घ्या. शहरालगतच्या मेहरूण तलावावर संध्याकाळी फिरायला जाता येतं, सपाट रस्ता आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

शहरात एक सकाळ घालवा. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आहे, आता तिथे त्यांचं स्मृती संग्रहालय केलंय. १८८० साली शेजारच्या आसोद्यात जन्मलेली ही बाई लग्न होऊन या वाड्यात आली, आणि दळता-कांडताना, शेतात खपताना तिला जे सुचलं ते लेकाने आणि घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून आज आपल्यापर्यंत आलं. मोठी कवयित्री म्हटल्यावर मनात जे उभं राहतं तसलं काही तिथे नाही. स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारं, रोजच्या वापरातल्या वस्तू. ताई, तुम्ही तिथे थोडा जास्त वेळ थांबा. आपल्या आजीच्या घरात होतं तेच सगळं तिथे आहे, आणि त्याच्यामधूनच ते शब्द निघाले, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. लेकीलाही न्या. तिच्या गुणपत्रिकेवर ज्या बाईचं नाव छापलेलं असणार आहे, तिचं घर तिने पाहिलेलं नसेल.

तिथून सराफ बाजार जवळ आहे. सोन्यासाठी लांबलांबून लोक जळगावला येतात, तुम्हीही दुकानं बघून याल. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ मात्र वेळ काढून बघा. २०१२ साली खुलं झालेलं हे संग्रहालय गांधीजींच्या आयुष्यावर आहे, नीट बघायचं तर दोन-तीन तास हवेत. याच जिल्ह्यातल्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं होतं, तेव्हा हे संग्रहालय इथे असण्याला आमच्या मुलखाच्या इतिहासाचाही आधार आहे. सुट्टीचा वार फोन करून विचारून घ्या.

आता बाहेरगावची एक सहल. एकच करा. चार दिवसांत तीन ठिकाणं गाठायचा हट्ट धरलात तर लेकीबरोबर बसायला वेळ उरणार नाही, आणि तुम्ही आलात ते तिच्यासाठी.

सगळे अजिंठा म्हणतील. जळगावपासून साठेक किलोमीटर, आणि जगात दुसरीकडे नाही असं ते काम आहे. जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, नंतर पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात, गुडघे दुखणाऱ्याने संकोच न करता डोली करावी. सकाळी लवकर पोहोचा. पहिल्या लेण्यात आत गेल्यावर लगेच पुढे सरकू नका, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग भिंतीवरचा तो हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व हळूहळू उलगडत जातो. लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी नदी वाघूर. तिच्यावरच पुढे धरण आहे आणि जळगाव शहर त्याचंच पाणी पितं. लेकीला हे सांगा, तिला गंमत वाटेल.

तरीही तुमच्यासाठी माझं मत वेगळं आहे. हे माळकरी आहेत असं तुम्ही लिहिलंत, आणि तिथेच मला वाटलं, यांना मुक्ताईकडे न्यायला हवं. आषाढीला पंढरपुरात येणारी मुक्ताबाईंची पालखी त्यांनी पाहिली असेल, कदाचित तिच्यापुढे डोकंही टेकवलं असेल. ती पालखी आमच्या मुक्ताईनगरहून निघते. जवळच कोथळीला जुनं मंदिर आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचं प्राचीन दगडी देऊळ आहे, आणि तिथे मात्र तुम्हाला पाणी दिसेल, भरपूर, रुंद. चौदाशे वर्षांच्या योग्याचं गर्वहरण करणारी ही लहान वयाची मुलगी, हे त्यांना मी सांगायला नको. महाशिवरात्रीला मुक्ताई आणि चांगदेव अशी मोठी यात्रा भरते, दिंड्या येतात. गुडघ्यांचा विचार करता ऐन यात्रेच्या दिवशी नको, नंतर आठवडाभराने जा. लेकीने बाबांना जिथे न्यावं आणि बाबांनी लेकीला जिथली गोष्ट सांगावी, अशी ही एकच जागा मला या जिल्ह्यात दिसते. ज्या मुलखाला ते आडबाजूचा समजतात, तिथूनच त्यांच्या वारीतली एक पालखी येते, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर जाणवेल.

तिसरा पर्याय उनपदेवाचा, पळसासाठी. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची आणि चोपड्याच्या रस्त्याने अडावदला जायचं, तिथून आत सातपुड्याच्या कुशीत. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पुढे डोंगर सुरू झाला की रानच्या रान पेटल्यासारखा पळस. उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींची जागा म्हणून लोक मानतात. गुडघे बरे होतील असं मी म्हणणार नाही, पण पाय सोडून बसायला फार बरं वाटतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर वाटेतल्या गावांत पावरा-बारेला समाजाचा भोंगऱ्या बाजार लागू शकतो. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने घातलेल्या बाया, होळीची खरेदी. हौसेने बघा, खरेदी करा, पण विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका. तो त्यांचा सण आहे.

उन्हाची काळजी घ्या. सकाळी स्वेटर लागेल आणि बारानंतर डोक्यावर रुमाल. बारा ते चार हॉटेलात पडून राहा, इथली जुनी माणसंही तेच करतात. पाणी जवळ ठेवा.

आणि मुलीच्या उन्हाळ्याची तजवीज याच फेरीत करून जा, कारण तुमच्या कराडच्या उन्हाळ्यावरून तुम्हाला इथल्या एप्रिलचा अंदाज येणार नाही. परीक्षा त्याच उन्हात द्यायच्या असतात. दोन-तीन सुती ड्रेस, डोकं-चेहरा झाकेल असा मोठा सुती स्कार्फ, खोलीत ठेवायला माठ. वसतिगृहात कूलर चालतो का ते तिला विचारा, चालत असेल तर खोलीतल्या मुलींनी मिळून घ्यावा आणि तुमचा वाटा तुम्ही देऊन जावा. रात्री खोलीत झोप लागत नाही, अभ्यास होत नाही, असं सांगणारी मुलं दर वर्षी भेटतात, आणि घरी मात्र ती हे कळवत नाहीत.

परत जाताना तिच्या हातून काहीतरी घ्या. कळण्याचं पीठ, ज्वारीचे बिबडे, केळीचे वेफर्स. पैसे तिला देऊ द्या, शंभर रुपयांची वस्तू असली तरी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि आई त्यांची ओटी भरून पाठवते. या वेळी तुम्ही लेकीच्या दारी आला आहात, तेव्हा तिला पाहुणचार करू द्या.

तिच्या बाबांना फोन आज-उद्याच करायला सांगा. तारीख कळली की लगेच जाता-येताचं तिकीट एकदम काढा. होळीच्या तोंडावर गाड्या भरून जातात, आणि येतानाचे खालचे बर्थ आधी संपतात.